शिंगू नदीतील झेब्रा प्लेको: बंदी मासा पकडण्यावर, परवाना नदी वळवण्याचा

२००४ साली ब्राझीलने एका बोटभर लांबीच्या माशाचे नाव संकटग्रस्त प्रजातींच्या राष्ट्रीय यादीत घातले आणि तो पकडणे, विकणे व देशाबाहेर पाठवणे बेकायदा ठरले. पुढे सहा वर्षांनी, फेब्रुवारी २०१० मध्ये, ज्या पर्यावरण मंत्रालयाने ही यादी काढली होती त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतील इबामा या यंत्रणेने एका जलविद्युत प्रकल्पाला प्राथमिक परवाना दिला. हा मासा जगात नदीच्या ज्या एकाच पट्ट्यात सापडतो, त्या पट्ट्यातले बहुतेक पाणी या प्रकल्पामुळे दुसरीकडे वळणार होते. मासा झेब्रा प्लेको, नदी शिंगू, प्रकल्प बेलो मोंते. हे दोन निर्णय एकमेकांकडे न पाहता कसे घेतले गेले आणि त्यांतल्या पहिल्याचा माशाला नेमका किती उपयोग झाला, हे तपासणे हा या प्रकरण अभ्यासाचा हेतू आहे.

मासा आणि त्याची कपार

झेब्रा प्लेको हा हायपॅन्सिस्ट्रस या प्रजातिगणातला मासा. चिलखती कॅटफिशांचे लॉरिकॅरिडी नावाचे एक प्रचंड कुळ आहे. त्यात हजारांहून अधिक प्रजाती असून दक्षिण अमेरिकेत आणि मध्य अमेरिकेच्या दक्षिण भागात त्यांचा वास आहे. या माशांच्या अंगावर खवले नसतात. त्यांच्या जागी हाडांच्या पट्ट्यांच्या ओळी कौलांसारख्या एकीवर एक बसलेल्या असतात, तर पोटाकडची बाजू मऊ आणि सपाट असते. तोंड खालच्या अंगाला असते आणि रुंद ओठांची चकती दगडावर घट्ट चिकटते. तोंड असे बंद झाल्यावर मासा श्वास कसा घेतो, हा प्रश्न कोणालाही पडेल. मिशीच्या बुडाशी असलेल्या बारीक खाचेतून पाणी आत ओढले जाते आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडते, त्यामुळे पकड न सोडता श्वसन चालू राहते. वेगाने धावणाऱ्या पाण्यात जगण्यासाठी ही एवढीशी खाच चिलखताइतकीच मोलाची आहे.

हायपॅन्सिस्ट्रस हा गण १९९१ मध्ये इस्ब्र्युकर आणि नायसेन या डच वर्गीकरणतज्ज्ञांनी उभा केला आणि झेब्रा हीच त्याची पहिली प्रजाती ठरली. तोपर्यंत हा मासा टाकीत मासे पाळणाऱ्या शौकिनांच्या जगात पोहोचलेलाही होता. नाव नसलेल्या चिलखती कॅटफिशांना ‘एल’ या अक्षरापुढे क्रमांक देण्याची पद्धत एका जर्मन मत्स्यपालन नियतकालिकाने १९८८ मध्ये सुरू केली होती आणि त्या पद्धतीतला हा एल ०४६. दुधासारख्या पांढऱ्या अंगावर तिरपे काळे पट्टे आणि मुस्कटाच्या बाजूला रोमन लिपीतल्या ‘ई’ अक्षरासारखी खूण अशी त्याची ठेवण आहे. पूर्ण वाढलेला मासाही सहा-साडेसहा सेंटीमीटरच्या पुढे सहसा जात नाही. कुळातले पुष्कळ भाऊबंद दगडांवरचे शेवाळ खरवडून जगतात आणि त्यांच्या जबड्यांत बारीक दातांच्या दाट रांगा असतात. हायपॅन्सिस्ट्रसच्या जबड्यात मात्र दात मोजकेच असतात, कारण हा गण मिश्राहारी असून किडे, अळ्या आणि इतर बारीकसारीक प्राणिज अन्नावरही त्याचा भर असतो. ‘प्लेको म्हणजे टाकीतले शेवाळ साफ करणारा मासा’ अशा समजुतीने ज्यांनी झेब्रा पाळला, त्यांची निराशा झाली आणि माशाची उपासमार.

या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची ठरते ती त्याच्या प्रजननाची रीत. नर खडकातली एखादी अरुंद कपार निवडतो. मादी आत शिरून अंडी घालते आणि निघून जाते, तर नर मात्र तोंडाशी अडून बसतो. पंखांनी पाणी हलवत तो अंड्यांवरून ताजा प्रवाह नेत राहतो. साधारण आठवडाभरात पिले बाहेर येतात आणि पोटावरची पिवळी पिशवी संपेपर्यंत आणखी काही दिवस त्याच कपारीत राहतात. एका खेपेला अंडी घातली जातात ती दहा-पंधरा. वाढही मंद असते आणि वयात यायला दोन-तीन वर्षे लागतात. हजारो अंडी पाण्यात सोडून देणाऱ्या माशाचा एखादा हंगाम वाया गेला, तर पुढचा हंगाम ती तूट भरून काढू शकतो. मूठभर अंड्यांना आणि पिलांना असे जपणाऱ्या माशाला ती सोय नसते. त्याचा सगळा हिशेब कपारीवर चालतो. कपार रिकामी हवी, तिच्यात गाळ नको आणि तिच्या तोंडावरून पाणी सतत वाहते हवे.

व्होल्ता ग्रांदे: नदीचे मोठे वळण

शिंगू ही अॅमेझॉनची उपनदी ब्राझीलच्या पठारी प्रदेशातून उत्तरेकडे जवळपास दोन हजार किलोमीटर वाहते. तिचे पाणी गढूळ किंवा चहासारखे तांबूस नसून स्वच्छ, हिरवट असते. पारा राज्यातल्या आल्तामिरा शहराच्या खाली ती शंभराहून अधिक किलोमीटरचे एक मोठे वळण घेते, त्याला पोर्तुगीजमध्ये व्होल्ता ग्रांदे म्हणजे मोठे वळण असेच नाव आहे. इथे पठार संपते आणि नदी जुन्या कठीण खडकांवरून सुमारे नव्वद मीटर खाली उतरते. तिच्या असंख्य शाखा होतात, मध्ये बेटे उभी राहतात आणि खडकांच्या फटींतून पाणी खळाळत जाते. झेब्रा प्लेको याच वळणाचा रहिवासी आहे.

नैसर्गिक अवस्थेत या नदीचे वर्ष दोन टोकांमध्ये हेलकावे खाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रवाह सेकंदाला हजार घनमीटरच्या आसपास उतरतो आणि एप्रिलमध्ये सरासरी वीस हजारांपर्यंत चढतो, म्हणजे वीसपट. पुराचे पाणी काठची जंगले भिजवते आणि पाकूसारखे फळे खाणारे मासे तिथे चरायला व वाढायला जातात. झेब्रा मात्र जंगलात जाणारा मासा नव्हे, तो तळाच्या खडकाशीच राहतो. त्याच्या दृष्टीने पुराचे काम वेगळे असते. वर्षभर फटींमध्ये साचलेला बारीक गाळ जोराचे पाणी धुऊन नेते आणि कपारी पुन्हा मोकळ्या होतात.

हा फरक मी मुद्दाम मांडत आहे. बेलो मोंतेविषयीच्या चर्चेत झेब्राचे छायाचित्र जिथे तिथे दिसते, परंतु प्रवाहाच्या वादातले युक्तिवाद बहुतांशी पूरवनात जाणाऱ्या माशांच्या गरजांवर उभे असतात. ते युक्तिवाद चुकीचे नाहीत, पण त्यांत झेब्राची गरज आपोआप येत नाही. पाण्याची पातळी पुरेशी वर आली तर पाकूचे भागते, झेब्राला पातळीपेक्षा तळाशी पाण्याचा वेग हवा असतो.

बुडण्याऐवजी सुकणे

शिंगूवर धरण बांधण्याची कल्पना १९७०च्या दशकातली आहे. मूळ आराखड्यात व्होल्ता ग्रांदेचा मोठा भाग जलाशयाखाली जाणार होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये आल्तामिरा इथे आदिवासी समूहांची मोठी सभा झाली. तिथे तुइरा या कायापो स्त्रीने वीज कंपनीच्या अधिकाऱ्याच्या गालाला कोयत्याचे पाते लावले आणि त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गेले. त्यानंतर योजना मागे पडली. ती परत आली तेव्हा आराखडा बदललेला होता. मुख्य बांध वळणाच्या वरच्या टोकाकडे पिमेंताल इथे सरकवण्यात आला, जलाशयाचे क्षेत्र निम्म्याहून कमी झाले आणि आदिवासींची जमीन पाण्याखाली जाणार नाही असे सांगता येऊ लागले.

कागदावर ही सुधारणाच होती. प्रत्यक्षात पिमेंताल इथे अडवलेले पाणी सुमारे वीस किलोमीटरच्या कालव्यातून वळणाला बगल देत थेट खालच्या मुख्य वीजगृहाकडे जाते, कारण ते नव्वद मीटरचे उतरणेच वीज देते आणि तो उतार तर वळणातच आहे. जुन्या आराखड्यात वळण बुडणार होते, नव्यात ते कोरडे पडू लागले. बुडालेल्या गावाचे छायाचित्र काढता येते. ज्या खडकांवरून पाणी कमी वेगाने वाहते, त्यांच्या छायाचित्रात मात्र काही बिघडल्याचे दिसत नाही. विरोधाचा सूर पुढे विस्थापनाकडून प्रवाहाकडे वळायला वेळ लागला, त्याचे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

बांधकामाचा परवाना २०११ मध्ये आणि चालवण्याचा परवाना नोव्हेंबर २०१५ मध्ये मिळाला. जलाशय भरत असताना, नोव्हेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात, १६.२ टन मासे मेल्याची नोंद झाली आणि इबामाने प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीला साडेतीन कोटी रेआलच्या (रेआल हे ब्राझीलचे चलन) आसपास दंड ठोठावला. हा आकडा मोठा आहे, पण तो पृष्ठभागावर तरंगलेल्या माशांचा आहे. काही ग्रॅम वजनाचा, कपारीत राहणारा आणि कपारीतच मरणारा मासा टनांच्या मोजणीत दिसत नाही. पहिली टर्बाइन २०१६ मध्ये फिरली आणि शेवटची नोव्हेंबर २०१९ मध्ये. एकूण स्थापित क्षमता ११,२३३ मेगावॅट आहे. नदीच्या वार्षिक चढउतारामुळे वर्षाची हमीची सरासरी मात्र साडेचार हजार मेगावॅटच्या आसपासच धरलेली आहे.

वळणात किती पाणी सोडायचे, यासाठी परवान्यात दोन वेळापत्रके ठरली. त्यांना ‘सहमतीचा जलालेख’, म्हणजे कोणत्या महिन्यात किती पाणी याचा सर्वमान्य आलेख, असे नाव दिले गेले, पण सहमती नेमकी कोणाची, हा प्रश्न वळणाकाठचे जुरुना आदिवासी तेव्हापासून विचारत आहेत. वेळापत्रक ‘अ’नुसार एप्रिलमधला कमाल प्रवाह सेकंदाला ४,००० घनमीटर आणि ‘ब’नुसार ८,००० घनमीटर असून ती एकाआड एक वर्षी लागू व्हायची होती. कोरड्या महिन्यांतला किमान प्रवाह ७०० घनमीटर ठरला. ज्या नदीच्या छातीवरून सरासरी एप्रिलमध्ये वीस हजार घनमीटर पाणी जात होते, तिला एका वर्षी त्याचा पाचवा हिस्सा आणि दुसऱ्या वर्षी दोन पंचमांश असा हा वाटा होता.

इथे थोडे गणित करून पाहिले, तर वादाची खरी जागा सापडते. नव्वद मीटरवरून सेकंदाला एक घनमीटर पाणी खाली गेले, की यंत्रांतली तूट वजा जाता सुमारे ०.८ मेगावॅट वीज मिळते. कालव्याची क्षमता सेकंदाला चौदा हजार घनमीटरच्या आसपास आहे. म्हणजे सरासरी एप्रिलमध्ये वळणाला ८,००० घनमीटर दिले, तरी कालव्यासाठी १२,००० उरतात आणि वीजगृह क्षमतेच्या बरेच जवळ चालते. पाण्याची खरी ओढाताण पुराच्या शिखराशी होत नाही, ती त्याआधीच्या महिन्यांत होते, डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, जेव्हा नदी चढू लागलेली असते पण दोघांना पुरेल एवढी भरलेली नसते. नेमके याच वेळी मासे अंडी घालण्यासाठी जागा शोधत असतात आणि याच वेळी प्रत्येक हजार घनमीटरमागे वीजगृहाला आठशे मेगावॅट दिसत असतात. चर्चा मात्र ‘अ’ आणि ‘ब’च्या एप्रिलच्या आकड्यांभोवती फिरत राहिली.

बंदीचे काय झाले

आता पहिल्या निर्णयाकडे, म्हणजे २००४ च्या यादीकडे वळू. ती अकारण नव्हती. १९९०च्या दशकात झेब्राला शौकिनांकडून इतकी मागणी आली की आल्तामिराच्या परिसरात त्याला पकडणे हा एक व्यवसायच झाला. पाणबुडे नावेवरच्या कॉम्प्रेसरला जोडलेली हवेची नळी दातांत धरून तळाशी उतरत, खडकाच्या फटीत लाकडी काठी हळूच फिरवून मासा बाहेर काढत आणि हाताने किंवा छोट्या जाळीने पकडत. काम धोक्याचे होते, पण ज्या माणसाला कोणत्या खडकाखाली कोणता मासा बसतो हे डोळे मिटून सांगता येते, त्याच्याकडे नदीचे असे ज्ञान होते जे कुठल्याही सर्वेक्षणात सापडत नाही. बंदीने हा माणूस एका दिवसात गुन्हेगार ठरला आणि त्याचे ज्ञान नोंदवण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

मागणी मात्र संपली नाही. मासे छोटे असल्यामुळे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, सामानाच्या बॅगांत लपवून मानौस आणि ताबातिंगा मार्गे कोलंबियाच्या हद्दीत नेले जात आणि तिथून पुढे जगभर. ताबातिंगा आणि कोलंबियाचे लेतिसिया ही शहरे एकमेकांना चिकटून आहेत, मध्ये सीमा आहे ती एका रस्त्याएवढी. विमानतळांवर असे मासे जप्त झाल्याच्या बातम्या पुढची अनेक वर्षे येत राहिल्या. २०१४ च्या सुधारित राष्ट्रीय यादीत झेब्राचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ असा झाला. ३ जानेवारी २०१७ पासून ब्राझीलच्या मागणीवरून तो साइटिस या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आला. पनामात नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या परिषदेत ब्राझीलने त्याला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक वर्गात, घालण्याचा प्रस्ताव मांडला. तडजोड होऊन तो दुसऱ्या परिशिष्टात गेला, मात्र नदीतून पकडलेल्या माशांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्य अशी टीप त्याला जोडण्यात आली.

तडजोड का करावी लागली, याचे उत्तर काचेच्या टाक्यांमध्ये आहे. झेब्राची वीण टाकीतही होते. युरोपातल्या, विशेषतः जर्मनीतल्या, मत्स्यपालकांनी ते १९९०च्या दशकातच साधले होते आणि आता इंडोनेशियातल्या मत्स्यशाळांमधून त्याची मोठी निर्यात होते. पहिल्या परिशिष्टाने हा टाकीतल्या माशांचा व्यापारही अडचणीत आला असता. आल्तामिरा इथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही या माशाची वीण घेतली गेली आहे, परंतु ज्या देशाचा हा मासा आहे तिथल्या सामान्य मत्स्यपालकाला कायद्याने तो पाळणेच अवघड झाले आणि बाजार मात्र अर्ध्या जगापलीकडच्या देशाकडे गेला. बंदीच्या परिणामांपैकी हा एक परिणाम कोणी ठरवून केलेला नव्हता आणि तो बदलण्यासाठी कोणी घाईही केली नाही.

यावर शौकिनांचा ठरलेला युक्तिवाद असा असतो की टाकीत हजारोंनी झेब्रा आहेत, तेव्हा प्रजाती सुरक्षित आहे. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. टाकीतल्या माशांमुळे नदीतल्या माशांवरचा मागणीचा ताण हलका होतो, हे खरे आहे. पण या टाकीतल्या वंशावळी मोजक्या जोड्यांपासून सुरू झालेल्या आहेत, त्या पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या आवडीनुसार निवडल्या जात आहेत आणि टाकीत जन्मलेला मासा व कपारीतून काढलेला मासा नुसत्या डोळ्यांना वेगळा ओळखू येत नाही, त्यामुळे खोट्या कागदांच्या आधारे नदीतला मासा टाकीतला म्हणून खपवण्याची वाटही उघडी राहते. शून्य कोट्याच्या टिपेने ही वाट अरुंद होते, बंद होत नाही.

दोन्ही निर्णय शेजारी ठेवल्यावर

मासेमारीने घटलेली संख्या मासेमारी थांबल्यावर सावरू शकते, अट एवढीच की उरलेल्या माशांची वीण चालू राहावी. झेब्राच्या बाबतीत दहा-पंधरा अंड्यांच्या हिशेबाने हे सावरणे संथ झाले असते, पण झाले असते. वेग कमी झालेल्या पाण्यात मात्र बारीक गाळ खाली बसतो, खडकांवर शेवाळाचे थर चढतात, उथळ पाणी लवकर तापते आणि कपारींची तोंडे भरू लागतात. वरच्या बाजूला, जिथे जलाशय आहे, तिथे खळाळ पाण्याखाली गेला आणि गाळ तिथेही बसतो. बंदीने माशाला पाणबुड्याच्या काठीपासून वाचवले, पण काठी गेल्यावर ती कपार मोकळी आणि वाहती राहावी, ही तरतूद २००४ च्या यादीत नव्हती आणि २०१० च्या परवान्यातही ती एका सरासरी आकड्यात विरून गेली.

पर्याय नव्हता असे म्हणता येत नाही. जुरुना समूहाने धरण पूर्ण होण्याच्या आधीपासून शास्त्रज्ञांच्या मदतीने स्वतःच्या गावांतल्या मासेमारीच्या नोंदी ठेवल्या, कोणत्या महिन्यात कोणत्या बेटावर पाणी किती चढते हे मोजले आणि त्यातून माशांच्या विणीला धरून पाणी सोडण्याचा वेगळा आराखडा मांडला. डिसेंबर २०१९ मध्ये इबामाच्या स्वतःच्या तज्ज्ञांनीही ठरलेली वेळापत्रके वळणातली जीवसृष्टी टिकवायला पुरेशी असल्याचे दाखवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर तात्पुरते वाढीव प्रवाह, मग कंपनीशी करार, मग न्यायालयीन आदेश अशी पाण्याची मात्रा वर-खाली होत राहिली. या सगळ्या आदेशांमध्ये पाणी सेकंदाच्या घनमीटरांत मोजलेले आहे. तळाच्या खडकाशी वेग किती राहावा आणि गाळ धुऊन काढणारा जोराचा प्रवाह वर्षातून किती दिवस मिळावा, या भाषेत एकही अट मांडलेली माझ्या वाचनात आली नाही. टाकीत झेब्राची वीण घेणारा कोणीही अनुभवी मत्स्यपालक मात्र सर्वांत आधी हीच अट पाळतो. तो पाटीच्या दगडाची अरुंद गुहा तळाशी ठेवतो, तिच्या तोंडासमोर पाणी सतत वाहील असा पंप लावतो आणि तो पंप रात्रीही बंद करत नाही.

२०२५ मध्ये शिंगूतूनच हायपॅन्सिस्ट्रसच्या आणखी दोन प्रजातींचे औपचारिक वर्णन झाले. शौकिनांच्या जगात त्या ‘एल’ क्रमांकांनी अनेक वर्षे वावरत होत्याच. त्यांपैकी एकीचे नाव युद्जा असे आहे. जुरुना लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात, ते हे नाव.